धोंड्याच्या महिन्यातला डाव

निवृत्त मास्तरानं दुकान टाकायचं म्हटलं तर निलंग्यात कुणी अडवत नाही. भानगड सुरू होते ती कसलं दुकान हे सांगितल्यावर. वैजनाथ सरांनी किराणा म्हटलं असतं, झेरॉक्स म्हटलं असतं, गेला बाजार रसवंती म्हटली असती, तरी लोकांनी मान डोलावून चहा मागवला असता. पण सर म्हणायचे, छंदाचं दुकान. विमानाचे नाहीतर जहाजाचे सुटे भाग घरी जोडायचे सेट, बारीक ब्रश, रंगांच्या चिमुकल्या बाटल्या, हजार तुकडे जुळवून एक चित्र करायचे डबे, आणि चौघापाचांनी गोल बसून खेळायचे पुठ्ठ्याचे खेळ. ऐकणारा थोडा वेळ सरांच्या तोंडाकडं बघायचा आणि मग हळूच विचारायचा, घरी सगळं बरं आहे ना?

सरांनी सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात काढली. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, सर, तुमचा तास जरा द्या. सर द्यायचे. मग इंग्रजीचे यायचे, त्यांनाही द्यायचे. माणूस भिडस्त. पोरं रंगपेट्या दप्तरात कोंबायची आणि सर खिडकीतून आपलाच तास दुसऱ्याच्या हातात गेलेला बघत व्हरांड्यात उभे राहायचे. तर आता गावात एक जागा अशी पाहिजे, की तिथं येऊन कुणी कुणाचा तास मागणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण हे असं गावात सांगता येत नाही. म्हणून ते नुसतं, चालेल हो दुकान, असं म्हणायचे.

शेजारी मलप्पा अण्णा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, घरची भाषा कानडी, आणि सल्ला द्यायला कधीही तिकीट न लावणारे. बेत ऐकल्या ऐकल्या ते म्हणाले, बेडा सर, बेडा. कानडीत एवढं दोनदा नको म्हटल्यावर खरं तर विषय संपतो. पण अण्णांचा तिथं सुरू झाला. खेळ ठेवाच, पण पुढं थंड पाण्याच्या बाटल्या ठेवा. मागं मोबाईलची कव्हरं ठेवा. जमलं तर एका कोपऱ्यात रेल्वेची तिकिटं काढून द्या. सरांनी शांतपणे विचारलं, मग खेळ कुठं ठेवू? अण्णा म्हणाले, माळ्यावर.

सरांनी पुण्याहून नमुन्याचा माल मागवला. त्यातलं हजार तुकड्यांचं चित्र म्हणजे कुठल्याशा थंड मुलखातला किल्ला, आणि त्यात निम्म्याहून जास्त नुसतं आभाळ. ते सरांनी बैठकीच्या दिवाणावर मांडलं. तेव्हापासून घरात कुणालाच दिवाणावर बसता येईना. सरांच्या पत्नी कुशावर्ताबाई मोठ्या सोशिक, पण आलेल्या बायकांना आभाळाकडं बोट दाखवून, तिथं बसू नका, आमच्या ह्यांचं काम चालू आहे, असं सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. एक दिवस लाइटबिल घेऊन आलेला माणूस न विचारता आभाळावर बसला. उठून गेला तेव्हा ढगाचा एक तुकडा त्याच्या पॅन्टला चिकटून गेला. सर गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागं गेले, पण पॅन्टबद्दल बोलायचं कसं या संकोचात नमस्कार करून परत आले.

नगरपरिषदेतही तेच. परवान्याच्या टेबलावर सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं उठून पाया धरले, स्वतःची खुर्ची दिली, चहा सांगितला, भजी सांगितली, आणि सगळ्या हापिसाला बोलावून हे माझे गुरुजी म्हणून दाखवलं. एवढ्या इज्जतीत कामाचं विचारणं सरांना बरं दिसेना. तिसऱ्या खेपेला विचारलं, तर कळलं की संगणकात छंद नावाचा धंदाच नाही. खेळ म्हणावं तर ते क्रीडा खात्याकडं जातं, आणि लातूरच्या साहेबांनी विचारलं, मैदान किती मोठं आहे? रंग म्हणावं तर अग्निशमनाचा दाखला लागतो. शेवटी विद्यार्थी म्हणाला, सर, तुम्ही तसदी घेऊ नका, आधी जागेचा करार आणा, स्टेशनरी व इतर असं टाकून मी करतो. सगळं घोडं जागेवर येऊन अडलं.

आणि जागा तर डोळ्यांसमोर होती. स्टँडच्या ओळीत श्रीमंतरावांचं कृषी सेवा केंद्र, खत, बियाणं, औषधं. त्याला लागून त्यांचाच एक गाळा रिकामा. रुंद, उजेडाचा, समोर सावली. असा दुसरा गाळा निलंग्यात नाही. पण श्रीमंतराव सरांचे व्याही. इकडं इवाई म्हणतात. सरांची पुनम गेल्याच वर्षी त्यांच्या शिवमला दिलेली. जावई नांदेडला इंजिनिअर, मुलगी तिकडं सुखात. एवढी सगळी चांगली गोष्ट सरांच्या दुकानाच्या आड आली.

सर पहिल्यांदा गाळ्याचं विचारायला गेले तेव्हा श्रीमंतरावांनी दोन्ही हातांनी गाळा देऊन टाकला. गाळा तुमचाच हाय म्हणाले. भाडं किती विचारलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. इवायाकडून भाडं घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाले. आता सर. सरांचे आजोबा लेकीच्या गावात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, शिवेवरच्या विहिरीवरून पिऊन यायचे. त्यांच्या नातवानं लेकीच्या सासऱ्याचा गाळा फुकट वापरायचा? सर म्हणाले, भाडं घेणार असाल तरच. ते म्हणाले, भाडं सोडून काहीही बोला. दोघांनी एकमेकांना हात जोडले आणि थंडगार सरबत पिऊन सर घरी आले. पुढच्या वेळी हेच झालं, फक्त सरबताऐवजी लस्सी होती. दरम्यान लातूरचा एक मोबाईल कव्हरवाला गाळ्यासाठी खेटे घालू लागला. तो परका माणूस, त्याच्याकडून भाडं घ्यायला कुणाची कशाला भीड? श्रीमंतरावांनी निरोप धाडला की सरांचं काय ते अधिक महिना संपायच्या आत ठरावं, नाहीतर त्या पोराला हो म्हणून टाकतो.

तेव्हा अक्कल चालवली ती मलप्पा अण्णांनीच. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचंच आहे, तर व्याह्यांनाही बोलवा. पुरणाचे धोंडे पोटात गेले की माणूस मऊ पडतो. मग एक खेळ मांडा. श्रीमंतराव म्हणजे हाडाचे दुकानदार. हा माल काय आहे, कसा चालेल, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की ते तुम्हाला इवाई म्हणून नाही, दुकानदार म्हणून बघतील, आणि दुकानदाराकडून भाडं घेतील. सरांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याच दिवशी दिवाणावरचा किल्ला मोडून डब्यात भरला. कुशावर्ताबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

जेवण उत्तम झालं. जावयाला वाण दिलं, तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा. श्रीमंतरावांनी धोंड्यावर तुपाची धार धरून तारीफ केली, त्यांच्या पत्नी केवळाबाईंनी तारीफ केली, मग सरांनी त्यांच्या तारीफ करण्याची तारीफ केली. सगळं रीतसर चाललं होतं. मग सरांनी सतरंजी अंथरली आणि खेळाचा डबा काढला.

खेळ साधा होता. समुद्राचा नकाशा, प्रत्येकाचं एक जहाज. बंदरोबंदरी जाऊन मिरी, कापूस, मीठ असला माल उचलायचा आणि आपली वखार भरायची. जो आधी दहा खोकी भरेल तो जिंकला. अधूनमधून समुद्री चाच्याचा पत्ता येतो, तो टाकला की समोरच्याचा माल लुटता येतो. डब्यावर लिहिलं होतं, पाऊण तासात डाव संपतो. हे लिहिणारा माणूस कुठला होता माहीत नाही, पण धोंड्याच्या महिन्यात तो मराठवाड्यात कुणाच्या घरी जेवला नसणार.

कारण असं की, त्याच सकाळी कुशावर्ताबाईंनी सरांना बजावलं होतं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलवून, जेवू घालून हरवलंत तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. व्याह्यांनाही हरवायचं नाही. पुनमलाही हेच सांगितलं. आणि तिकडं घरून निघताना केवळाबाईंनी शिवमला सांगितलं होतं की सासऱ्याच्या घरी शहाणपणा दाखवायचा नाही, गपगुमान हरून यायचं. श्रीमंतरावांना कुणी काही सांगायची गरज नव्हती, ते मुलाचे बाप होते आणि मुलीच्या बापाला त्याच्याच घरात हरवणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. म्हणजे सतरंजीवर चार माणसं बसली होती, आणि चौघंही हरायला बसली होती.

पहिल्याच फेरीत शिवमनं मिरीची गोणी उचलली आणि, मामा, तुम्हालाच राहू द्या, म्हणून सरांच्या वखारीत ठेवली. सरांनी ती तत्परतेनं श्रीमंतरावांच्या वखारीत सरकवली. श्रीमंतरावांनी, आम्हाला काय करायची एवढी मिरी, म्हणून सुनेला दिली. पुनमला दोन्ही घरचा धाक, तिनं आपलं जहाज एकाच बंदरात गोल गोल फिरवायला घेतलं. चाच्याचा पत्ता श्रीमंतरावांना आला. त्यांनी तो वाचला, दचकले, आणि हळूच सतरंजीखाली सारून दिला. इवायाला लुटायचा पत्ता घरात दिसणंसुद्धा त्यांना चांगलं वाटलं नाही.

पाऊण तास झाला. चहा झाला. लाइट गेली, कूलर बंद पडला, तरी डाव संपेना. सगळ्यांच्या वखारीत पाच-पाच खोकी, आणि सहावं उचलायची वेळ आली की प्रत्येकजण जहाज समुद्रात उभं करून, आधी तुम्ही, म्हणायचा. दारात खुर्ची टाकून बसलेले मलप्पा अण्णा म्हणाले, आमच्या गाडीत असे प्रवासी असते तर गाडी डेपोतूनच निघाली नसती. सरांना घाम फुटला होता, आणि तो नुसता उकाड्याचा नव्हता. ज्या खेळावर दुकान उभं करायचं तो खेळ डोळ्यांदेखत मरत होता, आणि मारणाऱ्यांत ते स्वतः होते.

श्रीमंतरावांनी एक मोठी जांभई दिली. मग जरा खाकरून म्हणाले, "सर, राग मानू नका. चीज झकास हाय. पण ह्याचं गिऱ्हाईक कोण? माणूस जिंकत न्हाई, हरत न्हाई, नुसता बसतोय. बसायला आमच्या दुकानावर लोकं फुकटच बसायलेत." आणि त्याच सुरात, अगदी प्रेमानं त्यांनी सांगितलं की तुम्हाला उगाच ताप नको, उद्या त्या कव्हरवाल्याला बोलवून घेतो.

सर हसले. असंच हसून त्यांनी आयुष्यभर आपले तास दिले होते.

तेवढ्यात श्रीमंतरावांचा फोन वाजला. पेरणी तोंडावर आलेली, सोयाबीनच्या बियाण्यासाठी लोक त्यांना जेवू देत नव्हते. ते बोलत बोलत ओट्यावर गेले. त्यांची जागा रिकामी झाली, आणि इतका वेळ भिंतीला टेकून पदरानं वारा घेत बसलेल्या केवळाबाई पुढं सरकून तिथं बसल्या. किती वेळ लावायलेत, द्या हिकडं, म्हणाल्या. सतरंजीखाली हात घालून त्यांनी चाच्याचा पत्ता काढला. नवऱ्यानं तो ठेवताना त्यांनी बघितलं होतं. यानं काय होतं, एवढंच त्यांनी सुनेला विचारलं, आणि पुनमनं सांगायला नको होतं ते सांगितलं.

केवळाबाईंनी सगळ्यात आधी पोटच्या पोराला लुटलं. शिवमनं, अगं आई, म्हणेपर्यंत त्याचा कापूस गेला होता. पुढच्या फेरीत पुन्हा तोच पत्ता आला, तेव्हा त्यांनी सरांकडं बघितलं, पदर सावरून डोक्यावर घेतला, म्हणजे रीत सोडली नाही, आणि सरांची सगळी मिरी उचलून नेली.

आता सरांना काय झालं ते सरांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. ती मिरी त्यांना आपली वाटत होती. पुठ्ठ्याची होती, कुणाला तरी द्यायचीच होती, पण आपण देणं वेगळं आणि कुणी उचलून नेणं वेगळं. त्यांच्या डोक्यात व्हरांडा आला, खिडकी आली, गणिताचे मास्तर आले. सरांनी बाह्या वर केल्या. पत्ता ओढला तर चाचा. समोर साक्षात नारायण बसला होता, अंगावर सासरचा नवा शर्ट. सरांनी त्याला धुऊन काढला. मामा, अहो मामा, असं तो म्हणत राहिला. मग पुनमनं बापाचं जहाज अडवलं, शिवमनं बायकोचं मीठ पळवलं, आणि सतरंजीवर असा काही गदारोळ झाला की मलप्पा अण्णा खुर्ची सोडून नकाशाजवळ येऊन उकिडवे बसले.

श्रीमंतराव आत आले आणि बायकोला उठवून आपल्या जागेवर बसले. वखार बघितली. दहाला एकच कमी, आणि तीही बायकोनं लुटून भरलेली. जन्मभर माल भरणारा माणूस, भरलेली वखार बघून त्याला राहवेना. त्यांनी जहाज सरळ बंदराकडं सोडलं. सरही नऊ भरून तिकडंच निघालेले. एकच खोकं उरलं होतं आणि दोघांचीही जहाजं एकेका दानाच्या अंतरावर. श्रीमंतरावांनी फासा टाकला, कमी पडला. सरांनी फासा दोन्ही हातांत खुळखुळवला, फुंकर मारली, टाकला, पोचले. खोकं उचलून त्यांनी नकाशावर असं आपटलं की जहाजं आडवी झाली, आणि मांडीवर थाप मारून ते ओरडले, "हरलाव की हो श्रीमंतराव! सगळे हरलाव!"

कुशावर्ताबाई अनारशांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. जावई हरला होता, व्याही हरले होते, आणि यजमान मांडीवर थाप मारून ते गल्लीला सांगत होता. सरांचा हात मांडीवरच राहिला. त्यांना गाळा दिसला, त्यात टांगलेली मोबाईलची कव्हरं दिसली, आणि पुनमचा उतरलेला चेहरा दिसला. ते गुडघ्यांवर आले आणि हात जोडून म्हणाले, चुकलं, भान राहिलं नाही.

श्रीमंतरावांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि ते उठून दारापर्यंत गेले. एक पाय चपलेत घातला. केवळाबाईसुद्धा उठल्या. आता हे न बोलता जाणार, असं सगळ्यांना वाटलं.

श्रीमंतराव चपलेतला पाय तसाच ठेवून वळले. "भाडं कुठल्या महिन्यापासून चालू करायचं, सर?"

सर म्हणाले, कसलं भाडं?

"गाळ्याचं. इवाई म्हणून तुमच्याकडं भाडं मागायला माझं तोंडच व्हत न्हव्हतं. पण जो माणूस माझ्या बायको-पोरासमोर मला असा लुटतोय, त्याला गाळा फुकट द्यायला मी काय खुळा हाव का?" आणि चप्पल काढून ते परत आत आले, मांडी ठोकून बसले, आणि त्यांनी भाडं सांगितलं.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, सगळ्यांनी बघितलं. ते त्यांनी पुसलं, नाक ओढलं आणि म्हणाले, एवढं भाडं लातूरच्या मेन रोडला नाही. श्रीमंतराव म्हणाले, मग लातूरला जावा. सर म्हणाले, तुमच्या गाळ्याचं शटर अर्ध्यात अडकतं, ते मी गेलो तेव्हा बघितलंय. ते म्हणाले, शटरला नावं ठेवायची तर विषयच बंद. रंग कुणी द्यायचा, लाइटचं मीटर कुणाच्या नावावर, पावसाळ्यात गळलं तर पत्रे कुणी बदलायचे, एकेका गोष्टीवर दोघांचे आवाज चढत गेले. मलप्पा अण्णा मध्यस्थीला मधे पडले, तेव्हा दोघांनी एकदमच त्यांना गप बसा म्हटलं. समोरच्या घरातली माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली.

पुनम धावत आत आली. रडवेली झाली होती. म्हणाली, आई, दोघं भांडायलेत, तू जाऊन थांबव ना.

कुशावर्ताबाई ताट हातात धरूनच ऐकत होत्या. साखरपुड्यापासून आजपर्यंत व्याही घरी यायचे म्हटलं की त्यांना आदल्या रात्री झोप लागत नसे. काय बोलावं, किती हसावं, भाजीत मीठ पडलं का, हे लोक मनात काय म्हणतात, काही कळायचं नाही. सगळे इतकं गोड बोलायचे की त्यातून लेकीचं पुढं काय होणार याचा अंदाजच येत नसे. आणि आज तो माणूस त्यांच्या बैठकीत बसून, घरच्या भावानं भांडावं तसा शटरवरून भांडत होता. वर्षभर पोटात धरून ठेवलेली भीती कुठं गेली ते त्यांना कळलंच नाही. त्या पुनमला म्हणाल्या, "भांडू दे गं. आज मला वाटायलंय, तुला आपल्या माणसांतच दिली."

बाहेरून केवळाबाईंची हाक आली. त्यांनी जहाजं पुन्हा उभी करून ठेवली होती, शिवमला बाजूला सरकवलं होतं आणि समोरची जागा मोकळी केली होती. इहीणबाई, या बसा, म्हणत होत्या, ह्या दोघांचं काय लवकर आटपत नाही.

कुशावर्ताबाईंनी अनारशांचं ताट लेकीच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि विहिणीसमोर मांडी घालून बसल्या.

"बघा हं," त्या म्हणाल्या, "मी काय सोडणार न्हाई."